आज कुणाची थंडी?

मास्तर,

आज भरल्या शाळेत मी कांबळं पांघरून आडवा झालो. चौथीची पोरं समोर बसलेली, फळ्यावर भागाकार अर्धा राहिलेला, आणि मी, त्यांचा हेडमास्तर, मागच्या भिंतीकडे तोंड करून चटईवर. तुम्ही असता तर मिशीतल्या मिशीत हसला असता आणि तपकिरीची डबी शोधली असती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला जरा डोळे मिटावे लागतात. पण आजची हकीगत तुमच्यावाचून दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही. घरी सांगावी तर ही म्हणेल, केस पिकले तरी खुळेपणा गेला नाही. म्हणून शाळा सुटल्यावर इथंच, तुमच्या खुर्चीत बसून लिहितो आहे. खुर्चीचा डावा हात अजून तसाच हलतो.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा या बाजूचं नाव काढलं की मास्तरलोक बदली रद्द करायला धावायचे. लोंढ्याला रेल्वेतून उतरायचं, तिथून बैलगाडीनं जंगलात शिरायचं आणि पहिला पावसाळा सरला की थंडीतापानं हाडं खिळखिळी करून घ्यायची. ज्याच्यावर वरिष्ठांची मर्जी नाही त्याची बदली इकडे, असं खानापुरात उघड बोललं जाई. आईनं निघताना तापावरच्या, पोस्टात मिळणाऱ्या कोयनेलच्या पुड्या धोतरात गुंडाळून दिल्या होत्या आणि मी युद्धावर निघाल्यासारखी रडली होती. पण तापापेक्षा मला भीती होती ती हेडमास्तरांची, कारण आधीच्या शाळेतून मी पोळून आलो होतो. तिथले हेडमास्तर दुष्ट नव्हते, पण त्यांना प्रत्येकाची उणीदुणी हवी असत. कोण उशिरा आला, कोण वर्गात पेंगला, हे ज्यानं त्यानं दुसऱ्याबद्दल त्यांच्या कानात सांगायचं. आम्ही तिघं असिस्टंट एकाच मडक्यातलं पाणी एकमेकांकडे पाठ करून प्यायचो. आपलं दुखणं आपण गिळायचं आणि दुसऱ्याचं मात्र ध्यानात ठेवायचं, एवढं तिथं शिकून मी तुमच्या दारात उभा राहिलो.

आणि पहिल्याच सकाळी तुम्ही माझी तारांबळ उडवलीत. प्रार्थना झाली, पोरं वर्गात गेली, आणि तुम्ही पडवीतल्या मडक्यापाशी सगळ्या मास्तरांना गोळा करून विचारलंत, "आज कुणाची थंडी?" घरी भाजी काय केली असं विचारावं तितक्या सहज. थंडीतापाची रीत तुम्ही मंडळी कोळून प्यालेली होता. कुणाचा ताप एक दिवसाआड येई, कुणाचा दोन दिवस सोडून, आणि ज्याला त्याला आपला दिवस ठाऊक असे. खानापूरकडचे म्हातारे मास्तर म्हणाले, "माझी हाय, बाराच्या सुमाराला." कारवारकडचे मास्तर कोकणीत म्हणाले, "आयज माका ना." तेवढ्यावर ज्यांना थंडी नाही त्यांनी म्हाताऱ्यांचा वर्ग वाटून घेतला. बाराला त्यांचे दात वाजू लागले, तसे ते वर्गामागच्या चटईवर पडले. तुम्ही शाळेचं काळं कांबळं त्यांच्या अंगावर टाकलंत, कारवारकडच्यांनी काडेचिराइताचा काढा दिला. तासाभरानं ताप चढला, मग घाम सुटला, कांबळं ओलंचिंब झालं, ते कुणीतरी कुंपणावर उन्हात वाळत घातलं, आणि म्हातारे तोंड धुऊन पुन्हा शिकवायला उभे राहिले. हे सगळं पोरांच्या देखत. एकही पोर मान वळवून बघेना, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

वेगवेगळ्या जातींची माणसं एकच पांघरूण घेतात याचं मी नवल केलं, तर तुम्ही म्हणालात, "लोकरीला विटाळ न्हाई. एवढं तरी शास्त्र आपल्या कामाला आलं." मी हसलो, पण मनात म्हटलं, हा डाव आहे. आज सगळे खरं सांगतात, आणि वर्षाखेरीला हेच वर जातं. कानाला खडा लावला, की आपण चटईवर पडायचं नाही. तुम्ही रोज विचारायचा आणि मी रोज सांगायचो, मला ताप येतच नाही. खानापूरकडचे मास्तर एकदा म्हणालेसुद्धा, "ह्याचं रक्त काय वाघाचं हाय?" मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

दिवाळीनंतर मला गाठलंच तापानं. माझा एक दिवसाआडचा होता. मी कुणाला सांगितलं नाही. दुसरीच्या वर्गात टेबलाला पोट टेकून उभा राहायचो, दोन्ही हातांनी टेबलाची कड धरायचो, आणि पोरांकडून मोठ्यांदा घोकून घ्यायचो, म्हणजे माझ्या दातांचा आवाज झाकला जाई. अशाच एका दिवशी, ताप डोक्यात चढलेला असताना, मी त्यांना आपल्या काळी नदीचा धडा दिला. काय शिकवलं ते मला आजही आठवत नाही. पोरांनी मात्र जीव लावून पाठ केलं.

मग दिपोटी साहेब तपासणीला आले. दुसरीत शिरले आणि पहिल्याच बाकावरच्या पोराला विचारलं, काळी नदीचा उगम कुठं? पोरानं हात बांधले आणि एका दमात सांगितलं, "काळी नदी कारवारच्या समुद्रात उगम पावते आणि वर चढून डिग्गीच्या डोंगराला जाऊन मिळते." साहेबांनी दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. सगळा वर्ग नदीला डोंगर चढवत होता. ज्या पोरांच्या वाड्यापुढून ती नदी खाली वाहते, ती पोरं. साहेबांचा चेहरा तांबडा झाला. "हे कुणी शिकवलं?" आधीच्या शाळेत दोन बोटं एकदम माझ्याकडे वळली असती. इथं खानापूरकडचे मास्तर छताकडे बघत राहिले, कारवारकडच्यांनी खांद्यावरचं उपरणं नीट केलं, आणि तुम्ही पुढं होऊन म्हणालात, "शाळेनं शिकवलं, साहेब. शाळाच दुरुस्त करंल." मग साहेबांनी पोरांना पाढे विचारले, आणि पाढे सुदैवानं मी तापात शिकवलेले नव्हते.

त्याच संध्याकाळी तुम्ही मला घरी बोलावलंत. तुमचं ते स्वयंपाकघर माझ्या डोळ्यांपुढं आहे. काकू चुलीवर पेज ढवळताहेत, तुम्ही पाटावर बसून कोनाचा कंद सोलताय, आणि हाताला खाज सुटू नये म्हणून मधूनच भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं, साल चोळताय. मी दारात उभा. बोलणी खायची तयारी करून आलेला. "नदीचं ऱ्हाऊ दे," तुम्ही मान वर न करता म्हणालात. "नदी पोरं उद्या घराम्होरं बघून दुरुस्त करतील. तुला थंडी येती व्हय?" मी म्हटलं, नाही. तुम्ही सुरी खाली ठेवलीत. "खोटं का बोलतोस? मी तुला काय केलंय?" तुम्ही खरंच काही केलेलं नव्हतं.

मग तुम्ही जे बोललात ते माझ्या मनावर कोरलं गेलं आहे. आवाज चढवला नव्हता, उलट जरा दमल्यासारखा होता. "तू थंडी लपीवलीस म्हंजे तू शूर झालास, असं तुला वाटतंय. पर तू उभा ऱ्हायलास की चटईवर पडलेला तो म्हातारा कामचुकार दिसतो. तुला बघून उद्या त्योबी लपवंल. परवा कारवारकर लपवंल. मग तेरवा मीबी लपवीन, आनी समद्या पोरांची नदी उलटी वाहंल. माझी धा वर्सं गेली हितं, माणसं खरं बोलायला लागायला. एका माणसानं मोडायला धा दिस बी लागायचे न्हाईत." मला रडू येत होतं आणि रागही. काकूंनी पळी आपटली आणि म्हणाल्या, "गप बसा आता. पोराला जेवू दे आधी, पेज निवली." तुम्ही गप्प बसलात. शाळेत तुम्हाला असं मायेनं गप्प करणारं कुणी नव्हतं, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं आणि मला तुमची जरा कीव आली.

खरं सांगतो, त्या बोलण्यानं मी सुधारलो नसतो. बोलणं पटलं होतं, पण पटलेलं तोंडातून बाहेर पडेलच असं नसतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मडक्यापाशी नेहमीचा प्रश्न विचारलात आणि कुणी बोलायच्या आत स्वतःच म्हणालात, "आज माझी हाय." सगळे तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. तुम्हाला चटईवर पडलेलं कुणी पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं जंगलात काढल्यामुळं तुमच्या अंगात ताप जिरला, असं गावात म्हणत. तुम्ही माझ्याकडे वळलात. "माझी चौथी तू सांभाळ. आनी पांघरूण तूच घाल." दुपारी तुम्ही त्या चटईवर गुडघे पोटाशी घेऊन पडलात, मी तुमच्यावर कांबळं टाकलं, आणि माझ्या हेडमास्तरांना पायाशी घेऊन मी चौथीला शिकवलं. तुम्ही उठलात तेव्हा कांबळं माझ्या हातात दिलंत. "वाळत घाल." मी ते कुंपणावर घातलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही प्रश्न विचारलात, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मास्तर, आज माझी आहे." कारवारकडच्यांनी माझा वर्ग घेतला. चटईवर पडल्यावर मला इतकं बरं वाटलं, की तापातसुद्धा झोप लागली.

तुम्ही पेन्शनीत निघालात तेव्हा कांबळं बरोबर न्या म्हणून आम्ही फार आग्रह केला. "शाळेची वस्तू शाळेत," म्हणालात, आणि जाताना ते माझ्या खांद्यावर टाकलंत. तुम्ही गेल्याची बातमी मला नंदिगड्ड्याच्या वाटेवर एका लाकडाच्या गाडीवाल्यानं दिली, भर पावसात. नद्यांना पूर होता, मला येता आलं नाही. काकूंना भेटायला गेलो तो पाऊस ओसरल्यावर, आणि त्यांनी पेजच वाढली.

मी हेडमास्तर झालो तेव्हा वाटलं होतं, अवघड काय आहे, सकाळी एक प्रश्न तर विचारायचा. तुमचा प्रश्न मी तुमच्याच शब्दांत विचारत आलो, आणि माझे असिस्टंट उत्तरं देत आले. मला वाटलं, शाळा चालली आहे. मास्तर, प्रश्न विचारणाऱ्याला एक गोष्ट कळत नाही. जे उत्तर देतात ते दिसतात. जो देत नाही, त्याला खरोखरच सांगण्यासारखं काही नाही, असं धरून आपण पुढं जातो.

यंदा पावसाळ्यानंतर शाळेत पहिल्यांदा एक बाई नेमून आल्या. बेळगावच्या, शिकलेल्या, वय माझ्या थोरल्या मुलीएवढं, आणि दुर्दैवानं लवकर विधवा झालेल्या. पोरं त्यांना कानडीत मास्तरीणबाईंना म्हणतात तसं आक्कोरू म्हणतात. महिन्याभरात वाड्यावाड्यांतून पोरी शाळेत येऊ लागल्या. गावकारांनी, म्हणजे कुणब्यांच्या वाडीच्या मुख्यानं, आपल्या दोन्ही नाती पाठवल्या आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "आक्कोरू टिकतील न्हवं हितं? त्या गेल्या तर पोरी घरात बसतील. बाप्या मास्तराकडं न्हाई धाडणार कोन." मी म्हटलं, टिकतील. म्हटलं खरं, पण बाईंचे गाल बसत चालले होते ते मला दिसत होतं. रोज सकाळी मी विचारी, आज कुणाची थंडी, आणि त्या म्हणत, "माझी नाही. मला काही होत नाही." परवा मी त्यांच्या वर्गावरून जात होतो. पोरी बेंबीच्या देठापासून कविता म्हणत होत्या. बाई टेबलाला पोट टेकून उभ्या होत्या, दोन्ही हातांनी कड धरून.

मी मधल्या सुट्टीत त्यांना म्हटलं, "बाई, तुम्हाला थंडी येते." त्यांनी पदर घट्ट ओढला. "मास्तर, तुम्ही चांगले आहात," त्या म्हणाल्या, "पण पुरुषमास्तर आजारी पडला तर मास्तर आजारी पडला म्हणतात. मी पडले तर म्हणतील, बाईमाणसाचं इथं काम नाही. मला परत पाठवतील. परत जायला माझ्याकडे घर नाही, दिराचा उंबरठा आहे. आणि इतक्या पुरुषांत मी त्या चटईवर पडू कशी?" इतक्या वर्षांत चटई कुठं अंथरली आहे, याचा मी विचारच केला नव्हता. तुम्हीही केला नव्हता, मास्तर. आपल्या त्या चांगल्या शाळेत बाईमाणसाला आजारी पडायला जागा नव्हती.

मी घरी येऊन पुष्कळ विचार केला. समजूत घालावी तर समजुतीनं तोंड उघडत नाही, हे मला अनुभवानं ठाऊक. हुकूम काढावा तर हुकमानं माणूस फार तर खाली पडेल, खरं बोलणार नाही. शेवटी काल नकाशे आणि लेझमी ठेवायची खोली रिकामी करून घेतली, दाराला आतून कडी बसवून घेतली, आणि गावकारांच्या घरी जाऊन त्यांच्या म्हातारीला विचारलं, आक्कोरूंना ताप भरला तर येऊन बसशील का. ती म्हणाली, "बसीन की. तेवढंच नातींचं वाचन ऐकीन." एवढं झालं. तरी आज सकाळी मडक्यापाशी बाईंनी खाली बघून तेच सांगितलं, मला काही होत नाही. तेव्हा मी म्हटलं, "आज माझी आहे. बाई, माझी चौथी तुम्ही घ्या. पांघरूणही तुम्हीच घाला."

त्या चपापल्या. दुपारी मी पडलो. पोरांनी मान वळवली नाही, त्यांना सवय आहे. बाई मात्र पहिल्यांदा हळू, मग खणखणीत आवाजात भागाकार शिकवत राहिल्या, आणि मी भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिलो. माझ्यापेक्षा चांगला शिकवतात. घटका भरल्यावर मी उठलो, तोंडावर पाणी मारलं आणि कांबळं त्यांच्या हातात दिलं. त्या ते घेऊन कुंपणापाशी गेल्या. तिथं त्या जरा थांबल्या. कांबळ्यावरून हात फिरवला, उलटून पाहिलं, पुन्हा हात फिरवला. मी खिडकीतून बघत होतो. मग त्यांनी ते झटकलं आणि नीट पसरून उन्हात वाळत घातलं. शाळा सुटताना पायरीवर थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मास्तर, उद्या माझी आहे. दहाच्या पुढं कधीही." मी म्हटलं, "बरं. म्हातारीला निरोप धाडतो." एवढंच बोलणं झालं. त्या गेल्यावर मी खुर्चीत बसलो आणि मला तुमची इतकी आठवण झाली की चष्मा काढून ठेवावा लागला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. कुंपणावरचं कांबळं आत आणायचं आहे, उद्या लागणार आहे, त्याच्या घडीत ठेवीन म्हणतो. फक्त एक गोष्ट तुम्ही असताना सांगायला हवी होती, ती राहिली. त्या दिवशी तुम्ही माझ्या हातात दिलेलं कांबळं कोरडं होतं, मास्तर. घामाचा एक थेंब नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी ते वाळत घातलं.